फियाटखाली झोपून, मारुतीवर वाकून

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली ती ३० ऑक्टोबर २०२३ ला. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीसच वर्षांची मुदत. त्या आठवड्यात पेपरवाल्यांनी रकाने भरून लिहिलं. आमच्या इस्लामपुरातही जुने फियाटवाले गॅरेजवर येऊन खुर्ची ओढून बसले. "मिस्त्री, काय गाडी होती हो! तसला पत्रा आता होणे नाही." मी मान हलवली आणि हात पुसत राहिलो. पद्मिनीच्या आठवणीनं ज्यांचा गळा दाटतो, ते सगळे तिच्या मागच्या सीटवर बसलेले असतात. तिच्याखाली पोतं अंथरून झोपलेल्या माणसाचा गळा दाटत नाही. त्याच्या डोळ्यात काळं ऑइल पडलेलं असतं.

मी दोन्ही गाड्यांवर पोट भरलं, फियाटवर आधी आणि मारुती ८०० वर नंतर. दोन्हींना खोलून बघितलंय म्हणून सांगतो, गाडी म्हणून मारुती चांगली होती. हे बोललं की आमच्या धंद्यातले जुने लोक नाराज होतात.

कागदावर बघाल तर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मारुतीचं ७९६ सीसी, सिलिंडर तीनच. ताकद दोघींची चाळीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. पण पद्मिनी नऊशे किलोच्या घरात आणि मारुती साडेसहाशेच्या. एका बैलजोडीला उसानं भरलेली गाडी जुंपायची आणि दुसरीला रिकामी, तेवढा फरक. तरी फरक खरा कळायचा तो गाडीबरोबर किती माणसं लागतात यावरून. फियाटला तीन लागायची: मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री. मारुतीनं त्यातली दोन कमी केली, आणि त्यातला एक मी.

आमच्या भागात मिस्त्री आधी आला, मोटार नंतर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथून लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप असं एकेक गावोगाव पसरत गेलं. कृष्णाकाठी, बहे-बोरगावच्या बाजूला, वीज यायच्या आधी तेलाच्या इंजिनावर पाणी उचलायचे. इंजिन बंद पडलं की उभा ऊस वाळणार, म्हणून इंजिन दुरुस्त करणाऱ्याला पाटलाच्या ओसरीवर चहा मिळायचा. माझे उस्ताद असेच इंजिनावर शिकलेले. मोटारीचं बॉनेट त्यांनी पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांना त्यात नवं काही दिसलं नाही म्हणे. "पाणी वर चढवायचं तर हे चाकं फिरवतंय, एवढंच," असं ते सांगायचे. तेव्हा आमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता. पुढं १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला सांगली जिल्हा. उस्तादांच्या बोलण्यात मात्र शेवटपर्यंत "साताऱ्याला पासिंगला गेलो होतो" असंच यायचं.

मी त्यांच्या हाताखाली आलो बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव तालुक्याच्या कोरड्या बाजूचं. विहिरीला पाणी नव्हतं, वडील रोजगार हमीच्या खडीवर, आणि मी पाने धुवायला गॅरेजात. साखराळ्याचा राजारामबापू पाटलांचा सहकारी कारखाना तेव्हा नवा होता. उसाच्या बिलाचा पैसा गावात फिरायला नुकती सुरुवात झाली होती, तरी मोटारी बोटावर मोजण्याइतक्याच. डॉक्टर, वकील, कंत्राटदार, एखादा मोठा बागायतदार. पुढाऱ्यांची अँबॅसिडर, सरकारी साहेबांची आणि कच्च्या रस्त्यावरच्यांची जीप, आणि घरच्या वापराला फियाट.

ही फियाट मुळात इटलीची, पण जन्म कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच वालचंद. आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या, मग फियाटशी करार केला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. पहिलं मॉडेल गोल, फुगीर, नाकाशी निमुळतं. मुंबईकरांनी तिला डुक्कर फियाट म्हणून टाकलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मागच्या बाजूला. लुगडं नेसलेल्या बाईला चढा-उतरायला ते सोयीचं. पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार सताड उघडणार, म्हणून आमच्याकडे अशी एक गाडी होती तिच्या दाराला मालकानं आतून सायकलची साखळी लावून घेतली होती. साठच्या दशकात चौकोनी फियाट आली ती 'डिलाइट'. इटलीशी करार संपला तेव्हा १९७२ ला तिचीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ ला 'प्रीमियर पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावानं. बारसं दोनदा झालं तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले.

आणि ती मिळायची नाही. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर आला की तोच कागद जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचे, त्याला 'ऑन' म्हणायचे. जुनी गाडी नव्याच्या भावात जायची. त्यामुळं झालं काय, की कुठलीच फियाट कधी मरायची नाही. आता ज्या गाडीला भंगारवाला हात लावणार नाही, तिला आम्ही तिसऱ्यांदा बोअर करून रस्त्यावर आणायचो. आमच्या हुशारीच्या गोष्टी ज्या सांगितल्या जातात, त्यातल्या अर्ध्याअधिक या टंचाईतून आलेल्या आहेत. बाजारात नवी गाडी मिळाली असती तर कुणी आमच्या हुशारीला विचारलं नसतं.

आता ती पोत्यावरची बाजू. फियाटच्या पुढच्या चाकांना किंगपिन. त्याला वेळेवर ग्रीस मारलं नाही की बुश खाल्लेच, आणि हँडल एका बाजूला ओढायला लागलं. मागं पाटे. गिअर हँडलच्या दांड्यावर, त्यामुळं पुढचं सीट सलग बाकासारखं आणि त्यावर तिघं आरामात. ही सोय बसणाऱ्याची. त्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जे सळ्यांचं आणि सांध्यांचं जाळं गेलेलं, ते झिजलं की गिअर मध्येच अडकायचा. मग ड्रायव्हर उतरणार, बॉनेट उघडणार, हातानं सळी हलवून गिअर सोडवणार आणि पुन्हा येऊन बसणार. मागचा मालक तोवर पेपर वाचतोय. त्याला वाटायचं गाडी विश्रांती घेतेय.

उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट म्हणजे त्या काळच्या सगळ्याच गाड्यांची परीक्षा. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचायचं नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. पुण्याला निघालेल्या प्रत्येक गाडीत पाण्याचा डबा आणि जुन्या धोतराचा तुकडा असायचाच. थंडीत उलटं, सकाळी चोक ओढायचा, जास्त ओढला की प्लग ओले, मग प्लग काढून चुलीजवळ वाळवायचे. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेज नसला तर सिगारेटच्या पाकिटाचा कागद घडी करून गॅप बघायचा. उस्ताद तोही बघत नसत. इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून डिस्ट्रिब्युटर हातानं अर्धा सूत फिरवायचे आणि 'मिसिंग' थांबायचं. हे मात्र खरं कसब होतं, ते मी नाकारत नाही.

इंजिनकाम निघालं तर ब्लॉक कोल्हापूरला. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगची मशिनं होती. ब्लॉक पोत्यात गुंडाळून, काथ्यानं बांधून एसटीच्या टपावर चढवायचा आणि मी शेजारी बसून जायचो, कारण वाटेत कुणी उतरवून घेतला तर? पहिल्यांदा वीस साइज, मग चाळीस, मग साठ, आणि त्यानंतर लायनर. पिस्टन-रिंग मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर पुण्याहून येईपर्यंत गाडी दगडांवर उभी. उद्यमनगरचे कारागीर फाउंड्रीच्या वाळूत हात घालून बसलेले, त्यांना पुस्तकी नकाशा लागायचा नाही. मोडलेला तुकडा दाखवला की संध्याकाळी दुसरा तयार.

याच मातीत एक तिसरी गाडीही झाली होती, आणि तुलना करायचीच तर तिला वगळून चालणार नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ पासून सत्तरच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली. दोन माणसांच्या गाडीपासून सुरुवात करून मॉडेलमागून मॉडेल केलं. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा त्यांचा हिशोब होता. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्याला परवाना काही मिळाला नाही. मारुतीनं १९८३ ला जे केलं ते आमच्या शेजारच्या गावात एका माणसाला तीस वर्षं आधी सुचलं होतं. सामान्य माणसाला छोटी गाडी हवी आहे हे ओळखायला जपान लागत नव्हतं. ती हजारांनी बनवायला मात्र लागलं, हेही तितकंच खरं. उद्यमनगरच्या हातांनी एक गाडी सुरेख होते, पण शंभरावी पहिलीसारखी होत नाही.

मारुतीच्या बातम्या आधी पेपरात आल्या. सुझुकीबरोबर सरकारी कंपनीचा करार १९८२ चा. पुढच्या साली बुकिंग निघालं आणि लाखावर लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिली किल्ली दिली. किंमत ४७,५०० रुपये. इस्लामपुरात आल्या त्या आधी डॉक्टरांकडे. लोक बघायला जमले आणि हसले. "हा पत्र्याचा डबा. वाघवाडी फाट्यावर ट्रक नुसता शेजारून गेला तरी उडंल." चाकं बारा इंची, स्कूटरपेक्षा थोडी मोठी. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी रस्त्यात ज्या चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यात मारुतीचं पोट टेकायचं. चेंबर ठेचलेल्या मारुत्या तेवढ्या सीझनला माझ्याकडे यायच्या. पेठ-सांगली रस्त्याचे खड्डे तर काय, त्यांच्यावर माझ्या पोरांचं शिक्षण झालं.

मी पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. इंजिन आडवं! गिअरबॉक्स त्याच्याच कडेला, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांना. खाली वाकून बघितलं तर मागं जाणारा शाफ्टच नाही. रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर नाही, विजेवर, पाणी तापलं की आपोआप फिरणार. कॅमशाफ्ट वर, हेडात, आणि त्याला चेन नाही तर रबरी टायमिंग बेल्ट. उस्तादांनी तो बेल्ट बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, "रबरावर इंजिन? हे टिकायचं नाही." त्या इंजिनातली काही अजून तालुक्यात फिरतायत.

एक सोय झाली. अँबॅसिडर आणि जीपला इंची पाने लागायचे, फियाटला एमएमचे, आणि मारुतीही एमएमचीच. म्हणजे फियाटचा पान्यांचा संच तसाच कामाला आला, विशेषतः दहा आणि बारा नंबर. पण काम कुठं होतं? ग्रीस मारायला किंगपिन नाही. पॉइंटची कटकट कमी. घाटात पंपावर फडकं नको. फियाटचा मालक महिन्याला एकदा तरी यायचाच, मारुतीवाला ऑइल बदलायला सहा महिन्यांनी. आला की विचारायचा, "मिस्त्री, काही करायचंय का?" आणि मी खाली वाकून काहीतरी शोधायचो. पुढच्या एक्सलचं रबरी बूट फाटलं की आत चिखल शिरायचा आणि वळताना टकटक वाजायचं, ते एक ठरलेलं काम. क्लच प्लेट. सस्पेन्शनचे बुश. बाकी पार्ट डब्यातून काढायचा आणि लावायचा. घासून, ठोकून, वळवून पुन्हा तोच बसवायचा प्रकार संपला.

मारुतीनं मिस्त्री उपाशी मारले असं जे म्हणतात, त्यांचा हिशोब मला पटत नाही. गाडीमागं मजुरी घटली हे बरोबर, पण गाड्या किती वाढल्या! फियाटच्या काळात मला तालुक्यातली प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखू यायची. रस्त्यावरून कोण गेलं ते खाली झोपून सांगायचो. नव्वदीत ते जमेना, आणि गल्ला मात्र भरायला लागला. उपाशी मेला तो ड्रायव्हर.

फियाटचा ड्रायव्हर म्हणजे घरातला माणूस. रात्री-अपरात्री अडलेली बाई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला न्यायची तर उठवायचा तो त्यालाच. गाडीच्या सगळ्या खोडी फक्त त्याला ठाऊक, म्हणून मालकालाही त्याच्याशी जपून वागावं लागायचं. मारुतीला खोडीच नव्हत्या, तर त्याचं काय अडणार? डॉक्टर स्वतः चालवायला लागले. मग त्यांचा मुलगा, आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाई. बाजारपेठेतून बाई गाडी घेऊन निघाली की दुकानदार फळीवरून खाली उतरून बघायचे. माझ्या धंद्याला याचा वेगळाच फायदा झाला. ड्रायव्हर गाडी आणायचा तेव्हा काय झालंय ते कधी धड सांगायचा नाही, कारण अर्ध्या वेळा चूक त्याचीच असायची. या बायका नेमकं सांगायच्या. "डावीकडं वळताना, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढून आवाज येतो, सरळ असताना येत नाही." निम्मं काम तिथंच झालेलं असायचं. ज्या ड्रायव्हरांची नोकरी गेली, त्यातले काही एसटीत लागले, काहींनी वडापची जीप घेतली. एक-दोघं नुसतेच चावडीवर बसून राहिले.

पाचव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा शाळामास्तर गाडीवाले झाले. जुनी ८००, लांबी भरून रंग मारलेली. उसाचं बिल जमा झालं की शेतकरी यायचा, "मिस्त्री, बघून द्या एखादी." दुधाच्या किटल्या मागचं सीट काढून याच गाडीतून गेल्या, खताची पोती गेली, दहावीला पहिली आलेली पोरगी कॉलेजला सोडायला गेली. फियाट कुणी अशी राबवली नसती. ती सणासुदीला धुऊन दारात उभी करायची चीज होती. पद्मिनीत डिझेल इंजिन बसवून झालं, पण २००० च्या सुमाराला कुर्ल्यातून ती निघायची थांबली. मारुती ८०० मोठ्या शहरांत २०१० ला थांबली, नव्या प्रदूषण नियमांमुळं, आणि कारखान्यातून १८ जानेवारी २०१४ ला. तिच्यासाठी पेपरांनी पद्मिनीइतकं लिहिलं नाही. जी वस्तू सगळ्यांकडे असते तिच्यावर लिहायला कोणाला सुचत नसावं.

हल्ली तरुण पोरं येतात, जुनी गाडी नवी करून हवी असते. बहुतेकांना पद्मिनीच हवी, लग्नाच्या फोटोला. देवराष्ट्र्याच्या एका लोहारानं भंगारातून छोटी जीप जुळवली आणि महिंद्रांनी ती घेऊन त्याला नवी बोलेरो दिली, तेव्हापासून तर प्रत्येकाला वाटतं आपल्या गोठ्यातल्या सांगाड्यातही काहीतरी आहे. मी आधीच सांगतो, पंधरा वर्षांच्या पुढं गेली की पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स, सांगलीला आरटीओत खेपा. गिअरच्या सळ्यांचे सांधे लेथवर करून घ्यावे लागतील, तयार मिळत नाहीत. आणि पेट्रोलचं बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. त्यातलं काही आमच्याच शिवारातल्या उसाचं, साखर कारखान्यांनी गाळलेलं. ज्या उसाच्या बिलावर एकेकाळी फियाट आली, तोच ऊस आता तिच्या पंपाचा रबरी डायफ्राम आणि पाइप खातोय. पाइप दरवर्षी बदला, डायफ्राम एक जास्तीचा डिकीत ठेवा, गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा. एवढं झेपत नसेल तर २००० च्या आधीची, कार्ब्युरेटरवाली ८०० बघा. तिचेही रबर बदलावे लागतात, पण पार्ट अजून मिळतात, आणि तुम्हाला ड्रायव्हर ठेवावा लागणार नाही.